पेलातल्या सूनबाईंना फुलं पाठवायची तर

प्रश्न नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांचा आहे. मुलगा अमेरिकेत आयोवा राज्यातल्या पेला गावी इंजिनिअर. सूनबाईंचं पहिलं बाळंतपण मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि व्हिसाचं जमलं नाही म्हणून आजी-आजोबा नाशकातच. मुलाच्या घरी एक मांजर आहे. गेल्या दिवाळीला यांनी एका साइटवरून फुलं पाठवली होती. ती चौथ्या दिवशी कुरिअरच्या खोक्यातून पोचली, अर्ध्या कळ्या मिटलेल्या आणि अर्ध्या काळवंडलेल्या. आता दुसऱ्या एका साइटवर पांढऱ्या लिली, गुलाबी गुलाब आणि एक टेडी असा गुच्छ त्यांनी बघून ठेवलाय, सगळं धरून शंभर डॉलर. तो थेट हॉस्पिटलात पाठवावा का, आणि या वेळी फजिती होऊ नये म्हणून काय करावं, असं ते विचारतात.

मी आयोवातल्याच एका नऊ-दहा हजार वस्तीच्या गावात फुलांच्या दुकानात तेरा वर्षं काम करते. पेला आमच्यापासून गाडीने तासाभरावर. तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी वाचून मी हातातली कात्री खाली ठेवली: लिली, मांजर आणि मेचा पहिला आठवडा.

आधी मांजर, कारण बाकी सगळं चुकलं तर शंभर डॉलर जातील, इथे चुकलं तर जीव जाईल. लिली मांजराला विष आहे. ओरिएंटल, एशियाटिक, ईस्टर लिली, ज्या ज्या खऱ्या लिली आहेत त्या सगळ्या, आणि बागेतली डे-लिलीसुद्धा. पान चावायलाच हवं असं नाही. फुलातला केशरी पराग अंगावर सांडला, मांजराने नेहमीप्रमाणे अंग चाटलं, किंवा फुलदाणीतलं पाणी प्यालं, तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्र्याच्या बाबतीत इतकं भयंकर नाही, मांजराच्या बाबतीत आहे. आमच्या काउंटरवर फोनशेजारी एक चिकटवलेली चिठ्ठी आहे, ‘मांजर?’ एवढीच. साइटवर बटण दाबून ऑर्डर दिली की हा प्रश्न तुम्हाला कोणीच विचारत नाही. तेव्हा तो गुच्छ रद्द समजा. बाळंतिणीच्या खोलीत तसाही लिलीचा वास डोक्यात जातो आणि परागाचा डाग दुपट्यावरून निघत नाही.

आता दिवाळीला काय झालं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं आपोआप कळेल. अमेरिकेत फुलं तीन वाटांनी घरी येतात. पहिली वाट तुमच्या वाट्याला आलेली: कुठल्यातरी मोठ्या गोदामातून खोक्यात आडवी भरून, कुरिअरने. त्यात कळ्या मिटलेल्या असतात तो दोष नव्हे, तशाच पाठवतात. घरच्यांनी दांडे कापून पाण्यात ठेवायचे आणि दोन दिवस वाट बघायची. पण दिवाळीच्या सुमारास आयोवात रात्री पारा शून्याखाली जायला लागलेला असतो. खोकं दारात पडून राहिलं, मुलगा-सून ऑफिसात, आणि कळ्या गारठून गेल्या. काळवंडलेली पाकळी म्हणजे बहुधा गोठून वितळलेली पाकळी. मी स्वतः एकदा जानेवारीत हा पराक्रम केलाय. दारावरची घंटा वाजवली, आतून ‘ठेवून जा’ असं ऐकल्यासारखं वाटलं, ठेवून आले. आत कोणीच नव्हतं. वीस मिनिटांनी परत गेले तर गुलाबांच्या पाकळ्या वाफवलेल्या कोबीच्या पानासारख्या पारदर्शक झालेल्या. तेव्हापासून थंडीत माणूस हातात घेत नाही तोवर फूल गाडीतून उतरत नाही, असा आमचा नियम.

दुसरी वाट तुम्ही आता निवडायच्या बेतात आहात ती, आणि फसगत जास्त तिथेच होते. या साइटच्या मागे दुकान नसतं. फुलं नसतात, बादली नसते, कात्री नसते. असतं फक्त पैसे घ्यायचं खातं आणि गावोगावच्या दुकानांना ऑर्डर ढकलायची सोय. ही कल्पना मुळात वाईट नव्हती. १९१० साली अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी एकत्र येऊन तारेने एकमेकांना ऑर्डर कळवायची संस्था काढली, एफटीडी. पुढे १९३४ मध्ये टेलिफ्लोरा आली. एका गावच्या फुलवाल्याने पैसे घ्यायचे, दुसऱ्या गावच्याने फुलं पोचवायची, कमिशन वाटून घ्यायचं. दोन्हीकडे खरा फुलवाला होता, दोघांना एकमेकांच्या अब्रूची काळजी होती. नेट आल्यावर पहिल्या फुलवाल्याच्या जागी नुसती साइट बसली.

तुमच्या शंभर डॉलरचं काय होतं ते ढोबळ मानाने मांडते. दर कंपनीगणिक बदलतात, पण आमच्या बाकावर येणाऱ्या कागदावर चित्र असंच दिसतं. शंभरातले वीसेक डॉलर ‘सेवाशुल्क’ म्हणून साइट वरच्या वर काढते. राहिले ऐंशी. त्यातले साधारण वीस टक्के ऑर्डर घेणाऱ्याचे आणि सातेक टक्के मधल्या जाळ्याचे. गावातल्या दुकानाच्या हाती अठ्ठावन्न येतात. त्यातून गाडी, पेट्रोल, पोरगा मिळून बारा डॉलर पोचवण्याचे. उरले सेहेचाळीस. त्यात काचेची फुलदाणी, कार्ड, रिबन, बांधणाऱ्याची मजुरी आणि सगळ्यात शेवटी फुलं. तेच शंभर डॉलर तुम्ही दुकानाला थेट दिले असते, तर पोचवण्याचे बारा आणि विक्रीकराचे काही डॉलर गेले तरी ऐंशीच्या वरची फुलं झाली असती. साइटवर फोटो ऐंशीचा, दुकानात माल सेहेचाळीसचा. दुकानदारीण काय करणार? एकतर ऑर्डर परत पाठवते (पुष्कळ दुकानं आता सरळ पाठवतातच), नाहीतर आहे त्यात बसवते.

एका नोव्हेंबरात आमच्याकडे अशीच ऑर्डर आली, फोटोत टपोऱ्या पिओनींचा ढीग. पिओनी म्हणजे इथलं लाडकं फूल, शंभर पाकळ्यांचं, पण आयोवात ते मेअखेर ते जून एवढंच. नोव्हेंबरात दूर देशाहून आणवलं तर एकेका दांड्याला इतके पैसे पडतात की त्या ऑर्डरमध्ये तीनच बसले असते. आम्ही साइटला फोन केला, पलीकडच्या मुलीने ‘बदली फुलं घाला’ सांगितलं. आम्ही गुलाबी कार्नेशन घातले. जिला पोचले तिच्या आईने दुसऱ्या राज्यातून आम्हाला फोन करून जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. तिने साइटवर पैसे भरले होते, पण शिव्या गावच्या दुकानाच्या वाट्याला. तिचंही चुकलं नाही. तिला वाटलं ती आमच्याशीच व्यवहार करतेय.

तिसरी वाट म्हणजे गावातल्या दुकानाला थेट फोन. तुम्ही हेच करा.

पण दुकान शोधायचं कसं? ‘पेला आयोवा फुलं’ असं नेटवर टाकलंत की वरची पहिली तीन-चार नावं जाहिराती असतात. त्यातल्या काही साइटच्या नावात चक्क गावाचं नाव गुंफलेलं असतं, पान उघडलं की पेलातल्या पवनचक्कीचा फोटोही दिसेल, आणि फोन लावलात तर हजार मैलांवरचं कॉलसेंटर उचलेल. म्हणून नकाशा उघडा, साइट नंतर. नकाशावर पेलाचा चौक आणा, आजूबाजूला फुलांची दुकानं कुठे आहेत ते बघा, रस्त्यावरून काढलेल्या चित्रात दुकानाची पाटी डोळ्यांनी दिसते का बघा. त्या भागातल्या फोनचा क्रमांक ६४१ ने सुरू होतो. दुकानाच्या पानावर पूर्ण पत्ता असतो, नुसतं ‘आम्ही पेलात सेवा देतो’ असं वाक्य नसतं. आणि सगळ्यात सोपी युक्ती: फोन लागला की सहज विचारा, ‘तुमचं दुकान चौकाच्या कुठल्या बाजूला?’ खरी दुकानदारीण एका श्वासात सांगेल, बेकरीच्या शेजारी, बँकेच्या समोर, चौकातल्या ट्यूलिप टॉवरकडे तोंड करून. कॉलसेंटरवाला आधी ‘एक मिनिट हं’ म्हणेल.

आता मेचा पहिला आठवडा. सूनबाईंनी तारीख अशी धरलीय की त्या गावात त्याहून गर्दीची तारीख वर्षात दुसरी नाही. पेला हे १८४७ साली हॉलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं गाव, हेन्री शोल्टे नावाच्या धर्मोपदेशकाच्या मागे आलेले. घरांच्या दर्शनी भिंती डच धाटणीच्या, चौकाजवळ मोठी पवनचक्की, बेकऱ्यांत बदामाचं सारण भरलेली इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची पेस्ट्री. १९३५ पासून तिथे ‘ट्यूलिप टाइम’ भरतो. मेच्या सुरुवातीचा गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पहिल्या वर्षी लावायला पुरेशी फुलं नव्हती म्हणून लाकडी ट्यूलिप करून उभे केले होते, असं सांगतात. आज गावभर वाफे फुललेले असतात. मिरवणुकीआधी डच पोशाखातली मंडळी, बायका-पुरुष-पोरं, बादल्या आणि खराटे घेऊन मुख्य रस्ता घासून धुतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला गुढीपाडव्याच्या सकाळचा सडा आठवला, फक्त इथे रांगोळीऐवजी मागून बँड येतो.

दहा हजारांच्या गावात त्या तीन दिवसांत बाहेरून माणसांचा लोंढा येतो. मिरवणुकीच्या वेळी चौकाभोवतीचे रस्ते बंद, फुलांची गाडी दुकानाच्या मागच्या गल्लीतूनसुद्धा निघत नाही. त्यामागोमाग मेचा दुसरा रविवार, म्हणजे मदर्स डे. फुलवाल्यांचा हा दिवाळी-दसरा. त्याच पंधरवड्यात हायस्कूलच्या मुलामुलींचे प्रॉम, म्हणजे नटूनथटून जायचे नाचाचे कार्यक्रम, त्यांना मनगटाला बांधायची आणि कोटाला लावायची फुलं, आणि गावातल्या सेंट्रल कॉलेजचा पदवीदान. रविवारी गावातली बरीच दुकानं बंद असतात. पेला अजून चर्चला जाणारं गाव आहे. बाळ काही हे कॅलेंडर बघून येणार नाही.

म्हणून मी सुचवते ते असं. ऑर्डर एप्रिलच्या मध्यालाच द्या, पैसे भरून ठेवा आणि तारीख उघडी ठेवा. मोठ्या साइटला हे जमत नाही, तिथे तारखेचा रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. गावच्या दुकानात मात्र हे रोजचं आहे. पाठीमागे फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, ‘अमुक यांचं बाळ, फोन आला की’. बाळ झालं की मुलाने दुकानाला एक ओळ कळवायची.

आणि पाठवायचं हॉस्पिटलात नव्हे, घरी. इथे साध्या बाळंतपणात बाई दोन दिवसांत घरी येते. विम्याने किमान ४८ तास आणि सिझेरियन असेल तर ९६ तास द्यावेत असा १९९६ चा कायदा आहे, आणि व्यवहारात मुक्काम साधारण तेवढाच. बाळ गुरुवारी रात्री झालं, फुलं शनिवारी दुपारी पोचली, तर बाळंतीण तोवर गाडीत बसलेली. शिवाय बाळाला विशेष देखरेखीच्या कक्षात ठेवावं लागलं तर तिथे फुलं आत नेऊ देत नाहीत, रबरी फुगेही नाहीत. हॉस्पिटलातून घरी जाताना एका हातात बाळाची सीट, दुसऱ्या हातात पिशव्या आणि मांडीवर पाण्याने भरलेली फुलदाणी, हे मी इतक्या बापांच्या चेहऱ्यांवर बघितलंय की आता सरळ सांगते: घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवा. पहिल्या दिवसाची धांदल सरलेली असते आणि दारात कोणीतरी आलंय याचा आनंद होतो.

फोनवर काय सांगायचं? फोटो पाठवू नका. हा माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. फोटो पाठवलात की दुकानदारीण त्या फोटोच्या मागे धावते, हाती नसलेली फुलं जवळपासची घालून कशीबशी नक्कल करते. त्याऐवजी तीन गोष्टी सांगा: किती पैसे, कुठले रंग, आणि कशासाठी. ‘पंच्याहत्तर डॉलर, पोचवणं वेगळं. रंग पिवळा-केशरी-पांढरा. आमचं पहिलं नातवंड आहे, आम्हाला येता आलं नाही. घरात मांजर आहे.’ एवढं बोललात की पुढचं तिच्यावर सोडा. इथे याला ‘डिझायनर्स चॉइस’ म्हणतात, आणि दुकानातली माणसं सगळ्यात मन लावून करतात ती हीच ऑर्डर. त्या दिवशी शीतकपाटात जे उत्तम असेल ते त्यात जातं. तिसरी गोष्ट भावनेची वाटेल, पण कामाची आहे. ‘आजी-आजोबांना येता आलं नाही’ हे ऐकल्यावर चार दांडे जास्तीचे पडतात. मी पाडलेत.

मांजराला चालतील अशी फुलं पुष्कळ आहेत: गुलाब, जरबेरा, लिसिॲन्थस, सूर्यफूल, आणि स्नॅपड्रॅगन, आपल्याकडच्या बागांत डॉगफ्लॉवर म्हणतात ते. मांजराला डॉगफ्लॉवर, असो. ट्यूलिपचा मोह तुम्हाला होणारच, गावच तसलं. लिलीइतका तो घातक नाही, विष मुख्यतः कांद्यात असतं, पण पान चावलं तर मांजर ओकतं. घ्यायचाच असेल तर उंच कपाटावर ठेवण्याच्या बोलीवर घ्या. आणि गावातल्या वाफ्यातला ट्यूलिप कोणी तोडून आणून देईल असं समजू नका. दुकानातला ट्यूलिप बहुतेकदा हरितगृहातला असतो.

ट्यूलिपबद्दल एक सांगून टाकते, नाहीतर सूनबाईंना वाटेल फुलं खराब निघाली. हे फूल कापल्यावरही वाढतं. आम्ही गड्डी आली की ती वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळतो, तळ कापतो आणि गार पाण्यात उभी करतो, म्हणजे दोन-तीन तासांत दांडे सुतासारखे सरळ होतात. सकाळी एका उंचीने लावलेली फुलदाणी दुसऱ्या दिवशी बघावी तर सगळी फुलं बोटभर वर निघालेली आणि खिडकीकडे माना वळवून उभी. फुलदाणी फिरवून ठेवली की संध्याकाळपर्यंत पुन्हा वळतात. पाच ते सात दिवस हा खेळ चालतो आणि मग एका दुपारी सगळ्या पाकळ्या एकदम टेबलावर. गुलाबासारखा तो हळूहळू म्हातारा होत नाही.

गुलाब कुठून येतो, हेही तुम्हाला ऐकायला आवडेल. आयोवात मक्याच्या समुद्राच्या मधोमध बसून आम्ही जे गुलाब विकतो ते बहुधा इक्वाडोर किंवा कोलंबियाचे. विषुववृत्ताजवळची उंच पठारं, वर्षभर सारखा दिवस, थंड रात्री, त्यामुळे दांडा लांब आणि फूल मुठीएवढं. विमानाने मायामी, तिथून थंडगार ट्रकने इकडच्या घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून आठवड्यातून दोन-तीनदा आमच्या दारात. मार्केट यार्डात ज्याला डच गुलाब म्हणतात आणि मावळातल्या पॉलिहाऊसात जो पिकतो, तीच जात म्हणा. फक्त इथे एका दांड्याला दुकानात पाच-सहा डॉलर पडतात. ऐकून माझी आई फोनवर गप्पच झाली होती. दुकान साधारण घाऊक भावाच्या तिप्पट लावतं, आणि तरी खराब होणारा माल, वीज आणि माणसं धरली तर मालकिणीच्या हाती फारसं राहत नाही. तेव्हा घासाघीस करू नका, तसा रिवाज नाही. बजेट कमी असेल तर तेवढंच सांगा. पन्नास डॉलरमध्ये कार्नेशन सुंदर होतात आणि दोन-अडीच आठवडे टिकतात. अमेरिकन माणूस त्यांना स्वस्तातलं फूल समजून नाक मुरडतो, मी नाही मुरडत. मांजरामुळे तुमच्याकडे ते वरच्या फळीवर ठेवावे लागतील, एवढंच. चघळले तर पोट बिघडतं.

फोन कधी करायचा? एप्रिल-मेमध्ये आयोवा तुमच्या साडेदहा तास मागे असतं. दुकान सकाळी नऊला उघडलं की नाशकात संध्याकाळचे साडेसात. मंगळवार ते गुरुवार बरे. शुक्रवार-शनिवारी लग्नांची फुलं असतात, तेव्हा फोन उचलणाऱ्याच्या बोटांत तारा आणि तोंडात रिबन असते. इंग्रजी बोलायचा संकोच वाटत असेल तर आधी सविस्तर ईमेल करा आणि फोनवर फक्त ‘ईमेल मिळाला का’ एवढंच विचारा. सगळ्यांची उच्चारांची अडचण दोन्हीकडून सारखीच असते.

पैशाची गाठ मात्र इथे बसते. भारतातलं कार्ड फोनवरून चालेल याची खात्री धरू नका. यंत्र पाच आकडी झिप, म्हणजे इथला पिनकोड मागतं, आपला पिनकोड सहा आकडी. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच येतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात. दुकानाच्या स्वतःच्या साइटवरून भरून बघा, नाही झालं तर मुलाला भरायला सांगा. सूनबाईंना कळू नये एवढंच तर आहे, मुलाला कळलं तर काय बिघडतं? कार्डाचा क्रमांक ईमेलमध्ये लिहून मात्र पाठवू नका. आणि पत्त्यात झिप घाला, पेलाचा ५०२१९, सोबत मुलाचा तिथला मोबाइल. तेवढं असलं की दुकान पोचवायच्या आधी फोन करतं.

आता कार्डावरचा मजकूर. फोनवरून सांगू नका. आमच्याकडे एका मराठी घरासाठी ‘आजी-आजोबा’ असा मजकूर आला होता, मी नेमकी सुट्टीवर. सहकारी मुलीने कानाला आलं तसं लिहिलं, आणि गुच्छ ‘आगी आणि जोबा’ यांच्याकडून पोचला. त्या घरात अजून आजोबांना जोबा म्हणतात. तुम्ही असं करा: पांढऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात मराठीत चार ओळी लिहा, उजेडात फोटो काढा आणि ईमेलला जोडा. दुकानात प्रिंट काढून कार्डावर चिकटवतात, आम्ही नेहमी करतो. फुलं आठवड्याने कचऱ्यात जातात, तो कागद फ्रिजवर राहतो.

टेडी नको. ते दहा डॉलर फुलांत जाऊ द्या.

पोचल्यावर सूनबाईंनी फारसं काही करायचं नाही, तिला तेवढा वेळही नसेल. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, दांड्याचं टोक बोटाच्या पेराएवढं तिरकं कापायचं, पाण्याखाली बुडणारी पानं काढायची. सोबत आलेली पुडी पाण्यात टाकायची. त्यात साखर, थोडं आम्ल आणि जंतू मारणारं औषध असतं. केळ्याच्या टोपलीशेजारी फुलदाणी ठेवायची नाही, पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर कोमेजतात. हे काम मुलाला सांगा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बारा दिवसांनी बारसं येईल आणि तेव्हा पुन्हा हाच प्रश्न पडेल, म्हणून आत्ताच लिहिते. पाळण्याला फुलं हवीत, दाराला तोरण हवं, आणि इथल्या फुलांच्या दुकानात किलोवर सुटी फुलं मिळत नाहीत. मोगऱ्याचा गजरा विसरा. गुलछडी क्वचित घाऊक व्यापाऱ्याकडून मागवून मिळते, आठवडाभर आधी सांगावं लागतं आणि मेच्या त्या आठवड्यात मी तरी ‘हो’ म्हणणार नाही. झेंडू मात्र मिळतो, पण फुलांच्या दुकानात नव्हे, रोपवाटिकेत. इथे शेवटचं हिमकण पडून गेलं की मेच्या मध्याला सगळं गाव अंगणात रोपं लावतं, आणि झेंडूची फुललेली रोपं ट्रेच्या ट्रे विकायला असतात. सुपरमार्केटच्या बाहेरच्या मांडवातसुद्धा. मुलाला चार ट्रे आणायला सांगा. फुलं खुडून तोरण ओवायचं, रोपं मागच्या अंगणात लावायची. उन्हाळाभर फुलत राहतील, आणि पहिलं कडक दंव पडायच्या आत दसरा आला तर त्याच्याही तोरणाची सोय झाली. पाळण्यासाठी दुकानातून पांढरे छोटे गुलाब घ्या, स्प्रे रोझ म्हणतात त्यांना, एका दांड्याला पाच-सहा येतात, आणि काटे आधी काढून द्यायला सांगा.

यातलं आत्ता करायचं एकच: या मंगळवारी साडेसातनंतर फोन. पलीकडून विचारतील मांजराचं नाव काय, तेही मुलाकडून विचारून ठेवा. खेड्यातली दुकानं आहेत, विचारतात.